तीन गाठी आणि सोसायटीचा पंप

पाण्याखाली जाणाऱ्या माणसाला गाठी फार लागत नाहीत. तीन पुरतात. बोलाइन, शीट बेंड आणि टू हाफ हिच. पहिलीनं न आवळणारा वेढा तयार होतो. तो कशाभोवतीही टाकावा, कितीही ओढावा, लहान होत नाही, आणि काम संपलं की बोटाच्या एका धक्क्यानं सुटतो. दुसरीनं जाड दोरी बारीक दोरीला जोडता येते. तिसरीनं दोरी खांबाला किंवा कडीला बांधतात. या तिन्ही गाठी हातमोजे घालून, डोळे मिटून, प्रत्येकी तीस सेकंदांत मारता आल्या पाहिजेत, असं तारकर्लीला डायव्हिंग शिकवणाऱ्या आदिनाथ सरांनी मला कळवलं होतं. मला त्या येतात. हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवते. पुढे जे झालं त्यात माझ्या गाठींचा काही दोष नव्हता, आणि ही गोष्ट इतर कुठल्याही कागदावर आलेली नाही.

मी सोलापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या डिसेंबरात मी डायव्हिंगचा पहिला कोर्स केला. कारण विचारणाऱ्यांना मी 'आवड' असं सांगते. खरं कारण असं की दहा मीटर खोलीवर चाळीस मिनिटं मला कुणी काहीही विचारलं नाही. तेवीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

दुसरा कोर्स बुडालेली वस्तू शोधून, तिला दोरी बांधून, हवेच्या पिशवीनं वर आणण्याचा. बॅच चौघांची, वर्षातून एकदा, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवार ते शुक्रवार. सोमवारी गाठींची परीक्षा. ती चुकली तर पुढचे चार दिवस होडीत बसून इतरांचे बुडबुडे मोजायचे. माझं नाव वर्षभर यादीत होतं, दिवाळीनंतर जागा मिळाली. माझ्या किरकोळ रजा बरोबर पाच शिल्लक होत्या आणि कोर्सचे दिवसही पाच. आयुष्यातलं गणित इतकं नीट सुटू लागलं की माणसानं सावध व्हावं. मी झाले नाही. रजेचा अर्ज दिला आणि दोरी आणायला गेले.

सात रस्त्याजवळच्या दुकानात मी आठ मिलिमीटरची नायलॉन दोरी मागितली, पाच मीटर.

"म्हशीला का टाकीला?" दुकानदारानं विचारलं.

"दोन्हीला नाही."

"मग कपड्याला. कपड्याला आठची कशाला, चारची न्या की."

"गाठी मारायच्या आहेत."

"गाठी मारून?"

"सोडायच्या आहेत."

त्यानं दोरी मापून दिली. मी पायरी उतरेपर्यंत तो माझ्याकडे बघत होता.

सराव मी सकाळी साडेपाचला करायचे, बाल्कनीच्या ग्रिलला. हातमोजे गॅसची शेगडी घासायचे, डोळे मिटलेले. आमच्या भाषेत गाठी दोनच आहेत, निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ सुटत नाही, सुरगाठ टिकत नाही. बोलाइन टिकते आणि सुटतेही. दोन्ही गुण एकत्र असलेली गोष्ट मला तोपर्यंत कुठे भेटली नव्हती, त्यामुळे तिच्याविषयी मला थोडं ममत्व वाटू लागलं होतं.

समोरच्या फ्लॅटमधल्या निंगव्वा मावशी फुलं तोडायला खाली उतरतात. त्यांनी मला तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी त्या शेंगापोळ्यांचा डबा घेऊन आल्या आणि उठेचनात.

"सिद्धव्वा," त्या म्हणाल्या. माझं नाव सिद्धेश्वरी, पण ते पूर्ण उच्चारण्याइतका वेळ सोसायटीत कुणाकडे नाही. "माणसाला वाईट दिवस येतात, जातात."

"मला काही झालेलं नाही, मावशी."

"सगळे तसंच म्हणतात गं यव्वा. आमच्या नणंदेच्या जावेनं आदल्या दिवशी मला फोन करून भाजी काय केली विचारलं होतं."

एकटी बाई आणि दोरी या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्यांचा अर्थ लोकांनी आधीच ठरवून ठेवलेला असतो. एकटा पुरुष दोरी घेऊन बसला तर तो कुलर बांधतोय असं वाटतं. संध्याकाळी सोसायटीचे सचिव चनमल्लप्पा काका आले. तुमचा पंखा आवाज करतो म्हणे, असं म्हणून त्यांनी खुर्चीवर चढून छताचा हूक हलवून पाहिला. माझा पंखा आवाज करत नाही. काका खुर्चीवरून उतरले आणि चेहरा शक्य तितका कोवळा करून म्हणाले, "मॅडम, काय असेल ते कमिटीपुढं ठेवा. मार्ग निघतो."

इथे मी चूक केली. गप्प राहिले असते तर फार तर शेंगापोळ्या वाढल्या असत्या. पण माझ्या मनःस्थितीवर कमिटीत चर्चा होणार, या कल्पनेनं मी खरं सांगून टाकलं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे पाण्यात बुडायला शिकताय."

"बुडून वर यायला."

"वर यायला कोर्स लागतोय का?"

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा संदेश आला: 'आपल्या सोसायटीच्या मॅडम पाणबुड्या झाल्या. हार्दिक अभिनंदन.' खाली एकोणतीस जोडलेले हात.

आता पंपाकडे वळते. आमची सोसायटी शेतजमिनीवर उभी आहे आणि त्या शेताची विहीर पार्किंगच्या मागे अजून जिवंत आहे. नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. उरलेले चार दिवस चोवीस कुटुंबं या विहिरीवर जगतात. त्याच आठवड्यात पंप दुरुस्तीला काढला होता. बुधवारी तो परत खाली सोडताना दोरीची गाठ सुटली, पाइपाचा जोड पहिल्याच हिसक्याला निखळला, आणि पंप केबलसकट बावीस फूट पाण्याच्या तळाशी गेला. मी तेव्हा कॉलेजात होते. घरी आले तर सगळे जण विहिरीत बघत उभे होते, जणू पंपाला ओशाळं वाटून तो स्वतःच वर येईल.

गुरुवारी पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. अध्यक्षस्थानी ईश्वरप्पा सर. हे सर माझ्या वरच्या मजल्यावर राहतात आणि आमच्या कॉलेजचे प्राचार्य आहेत. म्हणजे दिवसा ज्यांच्या हाताखाली मी असते, रात्री त्यांच्या पायाखाली असते. माझा पाच दिवसांच्या रजेचा अर्ज तेव्हा अठरा दिवसांपासून त्यांच्या टेबलावर होता. विचारलं की ते "बघू" म्हणत. त्या शब्दात होकारही नसतो आणि नकारही, त्यामुळे त्याविरुद्ध दाद मागता येत नाही.

"दोरी कुजकी निघाली," चनमल्लप्पा काकांनी सभेला माहिती दिली. "त्याला कोण काय करणार?"

दोरीचं टोक माझ्यासमोरच खुर्चीवर पडलं होतं. मी ते उचलून पाहिलं. एकही धागा तुटलेला नव्हता. टोकाला गाठीचे पीळ स्पष्ट उमटले होते, आडवे आणि एकाच दिशेनं वळलेले. अशी गाठ भार आला की घसरते.

"दोरी तुटलेली नाही," मी म्हणाले. "गाठ सुटली आहे."

 सगळ्यांनी काकांकडे पाहिलं, कारण प्लंबर थांबायला तयार नव्हता म्हणून बुधवारी गाठ काकांनीच मारली होती. हे मला माहीत नव्हतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडमना यातलं लई कळतं. मग अध्यक्ष महोदय, बाहेरचा माणूस कशाला शोधायचा?"

चूक दाखवेल त्यालाच ती निस्तरायला लावायची, ही पद्धत आमच्या सोसायटीची, आमच्या कॉलेजची आणि बहुधा आमच्या जिल्ह्याची आहे. म्हणून आमच्याकडे चुका फार काळ टिकतात.

मी सांगितलं की माझ्याकडे सिलिंडर नाही, जोडीदाराशिवाय कुणीही पाण्याखाली उतरत नाही, आणि मला अजून वस्तू वर आणायचं शिक्षणच मिळालेलं नाही. तेच घ्यायला मी रजा मागते आहे. हे शेवटचं वाक्य मी ईश्वरप्पा सरांकडे बघून म्हणाले. ते विहिरीकडे बघत होते.

मग सूचना सुरू झाल्या. कुणी लोहचुंबक सोडायला सांगितलं. कुणी बादल्या काढायचा गळ आणला. तो पाच फुटांवर एका जुन्या चपलेत अडकला आणि चप्पल कुणाची यावर दहा मिनिटं गेली. कुणी अग्निशामक दलाला फोन लावला. तिकडून विचारलं, माणूस पडलाय का. पंप पडलाय म्हटल्यावर लेखी अर्ज द्यायला सांगितलं, तीन प्रतींत. शेवटी काका म्हणाले, "सिलिंडरचं मी बघतो. माझ्या साडूच्या दवाखान्यात ऑक्सिजनच्या नळ्या पडून आहेत. एक आणतो. मॅडमनी पाठीला बांधायची की झालं."

"शुद्ध ऑक्सिजन वीस फुटांखाली विषारी असतो," मी म्हणाले. "झटके येतात."

"ऑक्सिजन? विषारी?"

"दाब वाढला की, हो. डायव्हरच्या सिलिंडरमध्ये साधी हवा असते."

"साधी हवा तर इथंबी हाय की," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. काकांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सभा उठताना ईश्वरप्पा सर माझ्याजवळ आले. ते कधी धमकी देत नाहीत. ते फक्त दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवतात. "मॅडम, तुमचा तो अर्ज आहेच माझ्या टेबलावर. आधी हे पाण्याचं बघू."

कोर्सला अकरा दिवस उरले होते. मी त्या रात्री तेरा फोन केले. विहिरींचा गाळ काढणारे लोक असतात, त्यातले काही पाण्यात दम धरून तळापर्यंत जातात. असा एक माणूस सापडला. बिरुदेव, मूळ सांगोल्याकडचा, सध्या होटगीजवळ एका विहिरीच्या कामावर. तो म्हणाला, शनिवारी सकाळी नऊला येतो, दुसरा दिवस न्हाय. शनिवारी कॉलेज असतं. मी जिन्यात ईश्वरप्पा सरांना गाठलं आणि अडचण सांगितली.

"तुम्ही विहिरीवर थांबा," ते म्हणाले. "कॉलेजचं मी बघतो."

मी त्यांना धन्यवाद दिले. हे आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

बिरुदेव साठीच्या आसपासचा, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा. त्यानं आधी विहिरीत खडा टाकला आणि आवाज ऐकला. तोवर काकांनी एक बंधपत्र पुढे केलं, स्टॅम्पपेपरवर टाइप केलेलं.

"वाचून दावा," तो मला म्हणाला.

मी वाचलं. कामात काही बरंवाईट झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही, त्याची सर्व जबाबदारी खाली सही करणाऱ्यावर राहील.

"म्हंजी म्या मेलो तर माजं मलाच निस्तरायचं व्हय?"

"तसं नाही हो," काका म्हणाले. "पद्धत असते."

"पद्धत लई चांगली हाय," बिरुदेव म्हणाला आणि अंगठा उमटवला. सही करता येत होती त्याला. शाई काकांच्या बाहीला पुसता यावी म्हणून अंगठा दिला असावा, असं नंतर मला वाटलं.

त्याच्या कमरेच्या दोराला गाठ मीच मारणार, असं मी सांगितलं. त्याच्या कमरेभोवती बोलाइन टाकली. बावीस सेकंद लागले. तो मान वाकवून बघत होता.

"ही तर कोकराची गाठ की," तो म्हणाला.

"ही बोलाइन आहे."

"आसंल. गळ्यात घातली तर आवळत न्हाय, जनावर कितीबी ओढू द्या. तुमच्यात मेंढरं हायती का, बाई?"

"नाही. मी शिकले."

"किती दिस लागलं?"

"तीन आठवडे," मी खरं सांगितलं.

"आमच्यात पोरगं चालाया लागलं की येती." मग त्याला बहुधा माझा चेहरा दिसला. गाठ तीनदा ओढून तो म्हणाला, "पर चांगली मारलीया. कड राखलीया नीट." मला माझ्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतसुद्धा याहून चांगला शेरा मिळाला नव्हता, आणि तो अशा वेळी मिळावा याचं वाईट वाटलं.

सोसायटीची दोरी लांब पण बारीक होती. पंपाला बांधायला जाड दोराचा आठ फुटी तुकडा घेतला आणि तो बारीक दोरीला शीट बेंडनं जोडला. जोड विहिरीवरच्या कप्पीतून ओढून पाहिला, अडकत नव्हता. "यावर आणखी एक गाठ नको," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. काका म्हणाले, "एवढ्यावर भरवसा ठेवायचा?" मी म्हणाले, "हो."

बिरुदेव तीनदा खाली गेला. पहिल्यांदा पंप सापडला. दुसऱ्यांदा केबल सोडवली. तिसऱ्यांदा दोर घेऊन गेला तेव्हा मी घड्याळ बघत होते. चाळीस सेकंद. पन्नास. त्याच्या कमरेचा दोर माझ्या हातात होता आणि तो अजिबात हलत नव्हता. मी काठावर ओणवी होऊन पाण्यात बघत राहिले. सत्तर सेकंदांनी दोन झटके आले आणि पाठोपाठ डोकं. "बांदला," तो म्हणाला आणि कठड्याला धरून खोकत राहिला.

तिसऱ्या बुडीआधी मी त्याच्या कमरेची गाठ पुन्हा तपासत होते, तेवढ्यात काकांनी जोडावर निरगाठ मारली होती. एक नाही, दोन.

पाच जणांनी दोरी ओढली. पंप पाण्याबाहेर आल्यावर जड होईल, असं मी आधी सांगितलं होतं. अकरावीचा धडा आहे. तो बाहेर आला, जड झाला, आणि पाचही जण एकमेकांवर आपटले. पण त्यांनी दोरी सोडली नाही. पंप चढत आला, कठड्याखाली हातभर राहिला, आणि थांबला. काकांच्या निरगाठी कप्पीत रुतल्या होत्या. वर जाईना, खाली येईना.

"आता?" काकांनी मला विचारलं. चूक कुणाचीही असो, 'आता?' हा प्रश्न नेहमी माझ्याकडे येतो.

मी माझी पाच मीटरची दोरी घरातून आणली. कठड्यावर पोट टेकून विहिरीत वाकले. बिरुदेवनं ओल्या हातांनी माझी ओढणी कमरेला गुंडाळून धरली. पंपाच्या कडीत बोलाइन, दुसरं टोक विहिरीलगतच्या लिंबाच्या बुंध्याला टू हाफ हिच. ती ताठ ओढून घेतल्यावर मी वरची दोरी निरगाठींसकट कापली. पंप दोन इंच खाली बसला आणि राहिला. मग पाचही जणांनी हात घालून त्याला कठड्यावर घेतलं. माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत खरवडला होता. तिन्ही गाठी, एका सकाळी, खऱ्या भाराखाली. क्षणभर मला इतकं बरं वाटलं की हात दुखतोय हेही कळलं नाही.

एवढ्यात कॉलेजातून ईश्वरप्पा सर आले. त्यांच्या हस्ते पंपाला हार घातला. फोटो निघाला: मध्ये पंप, डावीकडे सर, उजवीकडे काका, मागे पाच जण, आणि अगदी कडेला दोरी धरलेला एक हात. बिरुदेव फोटोत नाही. तो नळावर पाय धूत होता. जाताना तो मला म्हणाला, "त्या मामास्नी गाठ मारू दिऊ नगा कशालाबी." ही सूचना ठरावात यायला हवी होती.

रविवारी पंप बसला. सोमवारी मी कॉलेजच्या कार्यालयात गेले. आता अर्ज मंजूर व्हायला काही अडचण नव्हती, कोर्स बरोबर एका आठवड्यावर होता. लिपिक मानसिंग भला माणूस आहे. त्यानं रजेचं रजिस्टर माझ्याकडे वळवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. शनिवार: किरकोळ रजा, एक. शिल्लक: चार.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांचे केस ओले होते, चंदनाच्या साबणाचा वास येत होता.

"या मॅडम. पाणी काय फोर्सनं येतंय."

"सर, शनिवारची माझी रजा लागली आहे."

"लागणारच की. मस्टरवर सही नव्हती तुमची."

"तुम्ही म्हणाला होता, कॉलेजचं मी बघतो."

"बघितलं ना. म्हणून तर रजा लावली. नाहीतर बिनपरवाना गैरहजर लागलं असतं."

"तुम्हीही होतात विहिरीवर."

"मी कार्यालयीन कामानिमित्त बाहेर होतो. तशी नोंद आहे." ते दुखावल्यासारखे झाले. "मॅडम, नियम मी केलेले नाहीत. पुरावा आणा, रजा काढून टाकतो. सोसायटीचं पत्र आणा, की तुम्ही त्या वेळी सोसायटीच्या कामात होता."

विनावेतन रजेचंही मी विचारलं. त्याला संस्थेची मंजुरी लागते आणि संस्थेची सभा पंचवीस तारखेला होती.

संध्याकाळी काकांनी वही काढून दाखवली. 'माननीय अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली व सचिवांच्या अथक प्रयत्नांनी पंप सुखरूप बाहेर काढण्यात आला.'

"यात माझं नाव कुठे आहे?"

"हाय की. वरच्या ठरावात बघा." त्यांनी पान उलटलं. 'मॅडमनी ऑक्सिजन घेऊन उतरण्यास नकार दिला.'

"काका, जे झालं ते लिहा. तुम्ही तिथे होतात."

"इतिवृत्तात नसलेलं मी पत्रात कसं लिहू? दुरुस्ती पुढच्या सभेत मांडा. मार्चला आहे." मग वहीकडे बघतच ते म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी चार लोकांत ते गाठीचं बोलला नसता, तर बरं झालं असतं." एवढं एकच वाक्य त्यांनी या सगळ्या प्रकरणात सरळ उच्चारलं.

निंगव्वा मावशी जिन्यात भेटल्या. मी त्यांना विचारलं, तुम्ही गच्चीवरून सगळं पाहिलं, लिहून द्याल का? त्या म्हणाल्या, "देते की. पण यांना विचारून सांगते." त्यानंतर मी त्यांच्या दारावरून जाते तेव्हा आतला टीव्ही बंद होतो.

मंगळवारी मी फोटो घेऊन मानसिंगकडे गेले. त्यानं तो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"हात तुमचाच आहे, मॅडम. हे खरवडलेलंही दिसतंय. मला पटतं." त्यानं फोन माझ्याकडे परत सरकवला. "पण मस्टरला हात चालत नाही. सही लागते."

आदिनाथ सरांना फोन केला. म्हटलं, मी सोमवारऐवजी मंगळवारी आले तर चालेल का? गाठी मला येतात. त्यांवर मी चाळीस किलोंचा पंप काढला आहे. ते हसले, मनापासून. "मॅडम, मला खात्री आहे. पण परीक्षा माझ्यासमोर द्यावी लागते, तीही सोमवारीच. नियम माझा नाही. उद्या दुपारपर्यंत सांगा, यादीत एक जण थांबलाय."

राहिला एकच मार्ग: चार रजा वापरून पाचव्या दिवशी न कळवता गैरहजर राहायचं. मेमो आला असता. सेवेत एक लाल रेघ आली असती, याहून जास्त काही नाही. मी रात्री बॅग काढून पलंगावर ठेवली. मास्क भरला, हातमोजे भरले. मग त्या बॅगेशेजारी बसून राहिले. वर सरांच्या बाथरूममध्ये पाणी पडत होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी कुठल्याही मस्टरवर एक लाल रेघ येऊ दिलेली नाही. मला वाटायचं हा माझा स्वभाव आहे, शिस्त आहे. त्या रात्री कळलं की ती भीती आहे, आणि तिला इतकी वर्षं चांगलं नाव दिलं होतं. बुधवारी दुपारी साडेबाराला मी आदिनाथ सरांना नको म्हणून कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला.

तीन वाजता मानसिंग स्टाफरूममध्ये आला. त्याच्या हातात कोरा फॉर्म होता. त्याला फार संकोच वाटत होता.

"मॅडम, शनिवारची रजा लागलीय खरी, पण तिचा अर्ज नाही फाइलला. ऑडिटला अडचण येते. तेवढा एक भरून द्या."

मी पेन काढलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'प्राचार्यांच्या तोंडी सूचनेनुसार सोसायटीच्या विहिरीतील पंप बाहेर काढण्यासाठी.' मानसिंगनं वाचलं, दाराकडे पाहिलं, आणि खिशातून दुसरा कोरा फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला.

"एवढं त्या रकान्यात बसत नाही, मॅडम."

दुसऱ्या फॉर्मवर मी लिहिलं: 'घरगुती कारण.'

तो फॉर्म घेऊन केबिनमध्ये गेला. मी पेनाचं टोपण लावून होईपर्यंत परत आला. खाली हिरव्या शाईत सही होती, आणि सहीच्या वर ठळक, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, मंजूर.